तारखेच्या आदल्या रात्री पोट का बिघडतं?

प्रश्न (निपाणी): चिकोडीच्या कोर्टात जमिनीच्या वाटणीचा दावा चालू आहे. तारीख जवळ आली की हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते आणि सकाळी तीन-चार वेळा संडासला जावं लागतं. ईसीजी, रक्त, थायरॉइड सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. तंबाखूची चिमूट लावली की जरा बरं वाटतं. हे नेमकं काय आहे?

उत्तर: तुमचा त्रास खरा आहे, आणि तो शरीरातच घडतो. धोका जाणवला की मेंदू नसांमार्फत काही सेकंदांत निरोप धाडतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. ठोके वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून हात गार. लाळ आटते. जठराचं काम मंदावतं, त्यामुळे जेवण वरच बसून राहतं. मोठं आतडं मात्र जोराने आवळतं, म्हणून त्या फेऱ्या.

अ‍ॅड्रिनलिन रक्तातून मिनिटांत ओसरतं. मागोमाग येणारं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात ग्रंथींतून सुटणारं दुसरं संप्रेरक, चिवट. ते साधारण २० ते ३० मिनिटांत शिगेला जातं आणि निम्मं व्हायला तास-दीड तास घेतं. तारखेचा विचार रात्रभर पुन्हापुन्हा आला तर ते नव्याने चढत राहतं. त्यात, जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यांचंच वाढतं. तुमची सकाळ वाईट जाते ती यामुळेही.

तंबाखूचं स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे ती घरोघरी आहे. निकोटिन स्वतःच अ‍ॅड्रिनलिन सोडायला लावतं आणि आतडंही हलवतं. बरं वाटतं ते तलफ भागल्यामुळे; नाडी मोजून पाहा, चिमटीनंतर ती वाढलेली सापडेल.

धडधड सुरू झाली की पाठ टेकून बसा, हात पोटावर. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला ६ श्वास, असं ५ मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं. बहुतेकांची चूक एकच: छाती फुगवून मोठमोठे श्वास ओढतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठ-बोटं मुंग्या येऊन बधिरतात, आणि माणूस आणखी घाबरतो.

दुपारी दोननंतर चहा नको. निम्मं कॅफिन जायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी अर्धा तास झपझप चाला. आणि एक काम वकिलांकडे: पुढे काय होणार हे ठाऊक नसलं की कॉर्टिसॉल जास्त चढतं. कागद कन्नडमध्ये असतील आणि तुम्हाला वाचता येत नसतील, तर आदल्या दुपारीच मराठीत समजून घ्या. उद्या साक्ष आहे की नुसती पुढची तारीख पडणार, एवढं कळलं तरी रात्र बरी जाते.

शौचात रक्त, वजन घटणं किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर ताणावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. छातीतली कळ जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जात असेल, घाम फुटला असेल, तर श्वास मोजत बसू नका, १०८ लावा. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.

प्रश्न (खानापूर): दवाखान्यात बीपी १५०/९६, घरी १२८/८०. खरं कुठलं?

उत्तर: दोन्ही खरी. दवाखान्यातली वाढ हीसुद्धा वरच्याच यंत्रणेची. घरी सलग ७ दिवस, सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आधी लघवी करून या, अर्धा तास चहा-तंबाखू नको, ५ मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कमी आली तरी वर्षातून एकदा हा आठवडा पुन्हा करा, कारण अशांपैकी काहींचं बीपी पुढे कायमचं वाढतं. चालू गोळ्या असतील तर स्वतःहून बंद करू नका.