40 तासांनंतर पुढे काय? न्यायालयीन मध्यस्थांचे प्रश्न

न्यायालयाने मध्यस्थीसाठी पाठवलेली प्रकरणं हाताळणाऱ्या, वकिली सांभाळून तुटपुंज्या मानधनावर हे काम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक प्रश्न प्रशिक्षणाभोवतीचे आहेत.

प्रश्न : माझं 40 तासांचं प्रशिक्षण 2018 मध्ये झालं. त्यानंतर बरीच प्रकरणं हाताळली, त्यातली काही मिटली. आता 20 तासांच्या उजळणी प्रशिक्षणाचं पत्र आलं आहे. तीन दिवस कोर्टातली कामं सोडून तेच चार टप्पे पुन्हा ऐकायचे का?
– एक वकील-मध्यस्थ, सातारा जिल्हा

उत्तर : जरूर जा, पण टप्पे ऐकायला म्हणून जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीची स्थापना 2005 साली झाली. 40 तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर प्रत्यक्ष 10 प्रकरणं ही पायरी तिनेच घालून दिली. प्रस्तावना, संयुक्त बैठक, स्वतंत्र बैठक आणि समारोप हे टप्पे त्या 40 तासांत पक्के होतात आणि सहसा विसरत नाहीत. काम वाढलं की बिघडतं ते दुसरंच : अंगात मुरलेली वकिली हळूहळू मध्यस्थाच्या खुर्चीत येऊन बसते.

त्याची पहिली खूण प्रस्तावनेत दिसते. सुरुवातीच्या दिवसांत आपण दहा मिनिटं नीट बोलतो. शंभराव्या प्रकरणापर्यंत त्याचं "मी न्यायाधीश नाही, मोकळेपणाने बोला" एवढंच उरतं. गळतं ते नेमकं महत्त्वाचं असतं : मी दोघांशी वेगवेगळं बोलेन, वेळ कमी-जास्त लागेल, एकाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही. हे आधी सांगितलं नसेल, तर थोरला भाऊ आत चाळीस मिनिटं बसला की बाहेर बाकावरच्या धाकट्याच्या मनात पाल चुकचुकते. तो आत येतो तेव्हा तुमच्यावरचा त्याचा निम्मा विश्वास उडालेला असतो, आणि का उडाला हे तुम्हाला कळतही नाही.

दुसरी खूण प्रश्नांत सापडते. सामाईक विहिरीच्या पाळीचा वाद घ्या. "पाळीचं कधी कुणाला लेखी दिलं होतं का?" हा उलटतपासणीचा प्रश्न झाला. उत्तर येतं "नाही", आणि माणूस मिटतो. "पाळी कशी चालायची, ते सांगा ना," असं विचारलं की तो सांगू लागतो : वडील होते तोवर तीन-तीन दिवस होते, मग रात्रीची वीज आली, रात्रीची पाळी कायम माझ्याच वाट्याला, एकदा मोटार जळाली तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. यातलं शेवटचं वाक्य ना दाव्यात असतं ना कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात. तडजोडीची वाट मात्र बहुधा तिथूनच सुरू होते.

तिसरी खूण म्हणजे वस्तुस्थितीची जाणीव करून देण्याऐवजी भीती घालणं. "हा दावा तुम्ही हराल" असं मध्यस्थाने म्हटलं की तो निकालच झाला. "दावा चालला तर पहिल्या निकालाला किती काळ लागेल, असं तुमचे वकील म्हणतात? त्यावर अपील झालं तर? तोवर ती जमीन कोण कसणार?" हे प्रश्न विचारा आणि गप्प बसा. उत्तर पक्षकाराच्या तोंडून यायला हवं.

म्हणून उजळणीला जाताना न मिटलेली दोन प्रकरणं ओळख पुसून बरोबर न्या. प्रशिक्षकांना सांगा, माझी प्रस्तावना घड्याळ लावून ऐका, माझे प्रश्न लिहून घ्या. नुसती भाषणंच ठेवली असतील तर आयोजकांकडे रोल प्लेचा, म्हणजे भूमिका वठवून करायच्या सरावाचा, आग्रह धरा. पोहणं काठावर बसून ऐकल्याने येत नाही, तसंच हे आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यात आम्ही आठ मध्यस्थ आहोत. प्रशिक्षक वर्षातून एकदा आले तर आले. मधल्या काळात आपापसांत सराव करायचा तर कसा? आणि गोपनीयता कशी पाळायची?
– सोलापूर जिल्हा

उत्तर : महिन्यातून एकदा दोन तास पुरतात. चार-चार जणांचे दोन गट करा. प्रत्येक गटात एक मध्यस्थ, दोन पक्षकार आणि एक निरीक्षक.

आधी तीन कागद तयार करा. एक पानभर मजकूर सगळ्यांना माहीत असलेला, आणि प्रत्येक पक्षकारासाठी अर्धं पान फक्त त्याच्यापुरतं. सरावाचा सगळा जीव या अर्ध्या पानात असतो. त्यात अशी एक गोष्ट घाला, जी नीट विचारल्याशिवाय तो सांगणार नाही. उदाहरणार्थ, धाकट्याला वाटणीची एवढी घाई का? मुलाचं लग्न जमत नाही, कारण सातबाऱ्यावर त्याच्या वाट्याचं काही दाखवता येत नाही. हे सांगायला त्याला कमीपणा वाटतो. मध्यस्थाला ही गोष्ट सापडते की नाही, यावर त्या दिवसाचा सराव तोला.

10 मिनिटं कागद वाचायला, 45 मिनिटं मध्यस्थी, 25 मिनिटं चर्चा. उरलेली 40 मिनिटं मसुद्याच्या सरावाला ठेवा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. निरीक्षकाने मध्यस्थाचा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहायचा, शेजारी "खुला" की "बंद" अशी खूण करायची आणि कोण किती मिनिटं बोललं याची नोंद ठेवायची. चर्चेत मध्यस्थाने आधी स्वतः सांगायचं. मग दोन्ही पक्षकारांनी कोणत्या वाक्याला आपण मोकळे झालो आणि कोणत्या वाक्याला मिटलो ते सांगायचं. निरीक्षक शेवटी. "मी असतो तर" या शब्दांनी सुरू होणारं वाक्य चर्चेत येऊ देऊ नका, कारण तिथून शिकवणी सुरू होते आणि ऐकणारा बचावात जातो.

सराव फसतो तो बहुधा सौजन्यामुळे. पक्षकार झालेले सहकारी पंधराव्या मिनिटाला तडजोडीला तयार होतात, किंवा उलट नाटकातल्यासारखे ओरडतात. दोन्ही टाळायचं तर एक नियम ठेवा : मध्यस्थाने आपली अडचण खरोखर ऐकली असं वाटेपर्यंत पक्षकाराने पहिल्या मागणीवरून हलायचं नाही, आणि तसं वाटलं की उगाच ताणायचंही नाही.

गोपनीयतेबाबत नावं बदलणं पुरेसं नाही. तालुक्याच्या गावी "स्टँडमागच्या गाळ्याचं प्रकरण" एवढं म्हटलं तरी सगळे ओळखतात. वादाचा विषयच बदला : विहिरीचं दुकान करा, भावांच्या जागी भागीदार आणा. चालू प्रकरण सरावाला घेऊच नका. स्वतंत्र बैठकीत कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट तर रूप बदलूनही कागदावर येता कामा नये. तिच्याजागी दुसरी गोष्ट रचा.

प्रश्न : पक्षकार राजी होते, सह्या झाल्या, तरी तडजोडपत्रात त्रुटी काढून ते परत आलं. एका प्रकरणात हुकूमनामा (न्यायालयाचा अंमलात आणण्याजोगा निकाल) झाला, पण अंमलबजावणीत अडकला. मसुदा लिहिण्याचं प्रशिक्षण वेगळं असायला हवं का?
– नाशिक

उत्तर : असायलाच हवं. 40 तासांत मसुद्याला फार थोडा वेळ मिळतो, आणि सहा बैठकांची मेहनत शेवटच्या अर्ध्या तासात वाया जाते, कारण तोवर संध्याकाळ झालेली असते आणि सगळ्यांना घराची ओढ लागलेली असते.

मध्यस्थीत झालेला करार आपोआप हुकूमनामा होत नाही. ॲफकॉन्स या कंपनीच्या प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की, हा करार दावा पाठवणाऱ्या न्यायालयापुढे ठेवावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 नुसार करार कायदेशीर, लेखी आणि पक्षकारांच्या सहीचा आहे याची खात्री करून न्यायालय हुकूमनामा देतं. त्यामुळे मसुदा न्यायाधीशांच्या नजरेने वाचायला शिकलं पाहिजे.

वाटणीच्या दाव्यात पहिली चूक बहिणींची. भाऊ-भाऊ मिटवतात, सासरी गेलेल्या बहिणीची सही राहते. ती दाव्यात पक्षकार आहे का, नसेल तर का नाही, हे पहिल्याच बैठकीत तपासा. दुसरी चूक अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेल्या, मुलांची. त्याच संहितेच्या आदेश 32, नियम 7 प्रमाणे अज्ञानाच्या वतीने तडजोड करायला पालकाला न्यायालयाची परवानगी लागते आणि ती कामकाजात नोंदलेली असावी लागते. अर्जासोबत पालकाचं प्रतिज्ञापत्र आणि, वकील दिलेला असेल तर, तडजोड अज्ञानाच्या हिताची असल्याचा त्यांचा दाखला लागतो. परवानगीविना केलेली तडजोड अज्ञानाखेरीज इतर पक्षकारांविरुद्ध रद्द होऊ शकते. तिसरी चूक उदारपणाची : दावा जमिनीच्या एका गट नंबरचा आणि तडजोडीत गावातलं घरही घेतलं. वादाचा सगळा निकाल लागावा म्हणून हे चांगलंच, पण दाव्याच्या विषयाबाहेरची स्थावर मिळकत तडजोडीच्या हुकूमनाम्यात आली की नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोंदणीचा प्रश्न येतो. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कुणी करायचा हे करारातच लिहा. शेतजमिनीचे वाटे पाडताना फार लहान तुकडे पाडायला आडकाठी करणारा तुकडेबंदी कायदाही तपासा.

वैवाहिक प्रकरणांत हमखास दिसणारं वाक्य : "पत्नी 498-अ ची केस मागे घेईल." पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं हे कलम नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं. महाराष्ट्रात हा गुन्हा पक्षकारांनी आपसात मिटवून केस मागे घेण्यासारखा नाही. ती रद्द होते उच्च न्यायालयात. म्हणून असं लिहा : पती अमुक तारखेपर्यंत उच्च न्यायालयात अर्ज करील, अर्ज दाखल झाल्यावर अमुक दिवसांत पत्नी संमतीचं प्रतिज्ञापत्र देईल, आणि पैशांचा अमुक हप्ता त्या टप्प्याला दिला जाईल. हप्ते आणि टप्पे एकमेकांना बांधलेले नसले, तर एक बाजू सगळं करून बसते आणि दुसरी फिरते.

सरावासाठी एका प्रकरणाची एक पानी टिपणी द्या आणि 20 मिनिटांत पाच कलमं लिहायला सांगा. मग मसुदा शेजाऱ्याच्या हाती द्या. शेजाऱ्याने तलाठी किंवा न्यायालयाचा हुकूम बजावणारा बेलिफ व्हायचं : मला कुणालाही काही न विचारता याची अंमलबजावणी करता येईल का? "दक्षिणेकडचा भाग धाकट्यास" असं असेल तर तो लगेच अडतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये किती, चतुःसीमा काय, मोजणी नकाशा जोडला आहे का, विहिरीपर्यंतची वाट कुठून आणि किती फूट रुंद, वीजमीटर कुणाच्या नावावर, फेरफारासाठी अर्ज कोण किती दिवसांत करणार? "सोयीनुसार", "लवकरात लवकर" आणि "आपसात समजुतीने" हे शब्द दिसले की खोडायचे. रक्कम अंकी व अक्षरी, तारीख, रक्कम कशी द्यायची आणि हप्ता चुकल्यास काय, हे चारही आलं पाहिजे.

सहीपूर्वी मसुदा मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. एखादी म्हातारी आई अंगठा उठवण्याआधी "म्हंजी मला राहायला मधलं घर हाय न्हवं?" असं विचारते, आणि ते घर मसुद्यात नसतंच.

प्रश्न : मध्यस्थी फसली तर अहवालात "वादी हेकट आहे" असं लिहिता येईल का? न्यायालयाला मदतच होईल ना?
– लातूर

उत्तर : नाही. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, तडजोड झाली तर मध्यस्थाने करार पाठवावा, नाही झाली तर मध्यस्थी यशस्वी झाली नाही, एवढंच कळवावं. कुणी काय देऊ केलं, कोण अडलं, हे कळवायचं नाही. कोर्टाच्या आवारात न्यायाधीशांनी सहज विचारलं तरी उत्तर तेच.

प्रश्न : कौटुंबिक प्रकरणात पत्नी संयुक्त बैठकीत गप्प राहते, नवऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान हलवते. प्रशिक्षणात याची तयारी कशी करावी?
– महिला मध्यस्थ, पुणे

उत्तर : अशी मान हलली की तिला संमती समजू नका. उजळणीत यासाठी वेगळं सत्र मागून घ्या. संयुक्त बैठकीआधीच दोघांशी स्वतंत्र बोलण्याचा सराव करा, आणि आधी पत्नीशी. प्रश्न साधे आणि थेट असावेत : घरी जाताना भीती वाटते का? इथे एका खोलीत बसायला चालेल का? आज आलात ते स्वतःहून, की कुणी आणलं म्हणून? रोल प्लेमध्ये पत्नी झालेलीच्या कागदावर लिहून ठेवा की, दोनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारल्याशिवाय मारहाणीचं बोलायचं नाही. बहुतेक मध्यस्थ एकदा विचारून पुढे जातात, आणि हे त्यांना सरावातच कळतं.

भीती खरी आहे असं दिसलं तर दोघांना समोरासमोर बसवू नका. दोघांच्या येण्याच्या वेळांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, निघताना तिला आधी जाऊ द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो, हे तिला एकटीला सांगा. ती मोकळेपणाने निर्णय घेऊ शकत नाही असं वाटलं, तर कारण न लिहिता प्रकरण परत पाठवा.