थिंक टँकवाले नेमके कोणाचे?

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो, मूळ गाव निफाड तालुक्यात, थोडाफार कांदा असतो. निर्यातबंदी होती तेव्हा टीव्हीवर दिल्लीच्या कुठल्यातरी थिंक टँकचे, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे, एक तज्ज्ञ आले आणि म्हणाले बंदी चुकीची आहे, शेतकरी मरतोय. वडील एकदम खूश, 'हा माणूस आपला'. मग काही महिन्यांनी शेतीपंपाला मोफत वीज जाहीर झाली तर तेच साहेब म्हणे हे बंद करा, तिजोरीला परवडणार नाही. झालं, वडिलांच्या मते आता तो विकला गेलेला माणूस. त्यात माझ्या भाचीला अशाच एका संस्थेत रिसर्चची नोकरी लागतेय. घरात प्रश्न एकच, हे लोक नक्की कोणत्या पार्टीचे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या वडिलांना सांगा की तो माणूस दोन्ही वेळा एकच गोष्ट बोलला. सरकारने भावात हात घालू नये, कांद्याच्याही नाही आणि विजेच्याही नाही. पटो न पटो, त्याचं एक ठरलेलं मत आहे आणि कोणाचं सरकार आहे ते बघून तो ते बदलत नाहीये. तो विकलेला असता तर त्याने बंदीचं तरी कौतुक केलं असतं नाहीतर मोफत विजेचं तरी, कारण ८ डिसेंबर २०२३ ला बंदी घातली ती केंद्राने आणि २०२४ मध्ये वीज माफ केली ती राज्याने, आणि तेव्हा दोन्हीकडे भाजप सत्तेत होता. अशा संस्थांकडून एवढीच अपेक्षा ठेवायची असते, की मत असू द्या पण ते पार्टी बघून नको. मतच नसलेला अभ्यासक मला तरी अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याचा रिपोर्ट माझ्याने वाचला जाणार नाही.

आता खरोखरची स्वतंत्र संस्था कशी असते तर माझं आवडतं उदाहरण नेदरलँड्सचं. तिथे सीपीबी नावाची आर्थिक धोरणांचा हिशेब मांडणारी संस्था आहे, १९४५ पासूनची, पहिले संचालक यान टिनबर्गेन, ज्यांना पुढे १९६९ चं अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे ही संस्था चक्क अर्थव्यवहार मंत्रालयाचा भाग आहे, पगार सरकारी, पण निष्कर्ष काय काढायचे हे मंत्री सांगू शकत नाही. आणि १९८६ पासून निवडणुकीच्या आधी तिथले बरेच पक्ष स्वतःहून आपला जाहीरनामा यांच्याकडे तपासायला देतात. म्हणजे तुम्ही म्हणताय टॅक्स कमी करू आणि पेन्शन वाढवू, ठीक आहे, मग तूट किती वाढेल, नोकऱ्यांचं काय होईल, कोणाच्या खिशात किती जाईल, हे सगळ्या पक्षांचं एकाच पद्धतीने मोजून छापतात. आपल्याकडे जाहीरनामा निकालानंतर रद्दीत जातो, तिथे तो मतदानाच्या आधीच सोलून निघतो. कल्पना करा की आपल्या विधानसभेच्या आधी प्रत्येक कर्जमाफीच्या आश्वासनासमोर कोणीतरी आकडा लिहून ठेवलाय, पुढाऱ्यांची भाषणं निम्म्यावर येतील.

'सरकारी पैसा म्हणजे सरकारी माणूस' हा आपला हिशेब म्हणूनच अर्धवट आहे. आणि 'खाजगी पैसा म्हणजे स्वतंत्र' हा तर त्याहून कच्चा. अमेरिकेतली ब्रुकिंग्ज ही १९१६ ची, जगातली नावाजलेली संस्था, पण २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की परदेशी सरकारं वॉशिंग्टनच्या थिंक टँकना करोडोंनी पैसे देतात, त्यात कतारने ब्रुकिंग्जला चार वर्षांसाठी १ कोटी ४८ लाख डॉलर देऊ केले होते. कोणी सांगत नाही की अमुक लिही, पण ज्याच्या पैशावर ऑफिस चालतं त्याच्याबद्दल लिहिताना पेन आपोआप जरा हळू चालतं. दुसरी बाजू पण बघा, दिल्लीची सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च, १९७३ पासूनची, २०२२ मध्ये तिच्यावर आयकर खात्याची कारवाई झाली, २०२३ मध्ये परदेशी देणग्यांचं लायसन्स स्थगित आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द. सरकारचं म्हणणं नियम मोडले, संस्थेचं म्हणणं आम्ही नियमातच होतो, ते काय असेल ते असो, पण एका सहीने संस्थेचं कंबरडं मोडतं हे सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर बाकीच्या संस्था काय छापायचं याचा विचार जास्त करत असणार, हा माझा अंदाज, पुरावा नाही.

भाचीला एवढंच सांगा की जॉइन व्हायच्या आधी वेबसाइटवर देणगीदारांची यादी आणि आकडे आहेत का बघ, नसतील तर सरळ विचार. रिपोर्ट छापायच्या आधी देणगीदाराला दाखवतात का, आणि दाखवला तर तो बदल सुचवू शकतो का, हे पण विचार. सगळ्यात महत्त्वाचं, पैसे देणाऱ्याला न आवडणारं एखादं तरी काम त्यांनी छापलंय का ते शोध. नसेल तर पगार घे, अनुभव घे, पण डोळे उघडे ठेवून.

आणि वडिलांसाठी एक आकडा. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये टोमॅटो-कांदा-बटाट्यावर एक अभ्यास काढला, त्यात इक्रिअर या थिंक टँकचे लोक होते. गिऱ्हाईक कांद्याला एक रुपया मोजतं त्यातले शेतकऱ्याला मिळतात साधारण ३६ पैसे. हे वडिलांना पटेल. पण त्याच अभ्यासात खाजगी मंड्या वाढवा असंही आहे, ते लासलगावच्या व्यापाऱ्यांना मुळीच पटणार नाही, आणि वडिलांना पटेल का हे त्यांचा आडत्या कोण आहे त्यावर!

प्रश्न : नीती आयोग पण स्वतःला थिंक टँक म्हणवतो आणि राज्यात तशीच राज्य सरकारची 'मित्रा' ही संस्था आहे. हे निष्पक्ष कसे? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाहीतच, आणि तसा त्यांचा आव पण नसावा. नीती आयोगाचे अध्यक्ष पंतप्रधान, मित्राचे मुख्यमंत्री. सरकारला घरचा सल्लागार लागतो, त्यात वावगं काही नाही. फक्त त्यांचा रिपोर्ट 'तज्ज्ञ म्हणतात' करून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. नेदरलँड्समध्ये सरकारी संस्था निष्पक्ष चालते ती नियमाने मंत्र्यांचे हात बांधलेत म्हणून, आपल्याकडे तो नियमच नाही.

प्रश्न : सगळ्या पक्षांना सारखाच त्रास देणारी एखादी संस्था आपल्याकडे आहे का? – एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : आहे ना. एडीआर, म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, अहमदाबादच्या आयआयएमच्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये काढलेली. थिंक टँक म्हणा नाहीतर चळवळ म्हणा. उमेदवाराचे गुन्हे आणि मालमत्ता मतदाराला कळायला हवी म्हणून कोर्टात गेले, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे पक्ष ते हाणून पाडायला एकत्र आले. आज महापालिकेच्या निवडणुकीत पण तुम्ही उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचता ते त्यातूनच आलंय. पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायचे निवडणूक रोखे २०२४ मध्ये रद्द झाले, त्या केसमध्येही हेच होते.

प्रश्न : २०२७ च्या कुंभाला एवढा पैसा येतोय, नाशिकला हिशेब तपासणारी अशी एखादी संस्था का नको? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : हवीच, पण दिल्लीवाल्यांची वाट बघू नका. केटीएचएम किंवा बीवायके कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या पोरांना महापालिकेचं बजेट आणि कुंभाच्या कामांची टेंडरं वाचायला बसवा, जे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा. २०१५ च्या सिंहस्थात काय बांधलं आणि त्यातलं आज काय वापरात आहे, एवढीच यादी केली तरी पुष्कळ झालं. कुंभाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून इतकं रान उठलं, पण किती आणि कोणती झाडं, किती वयाची, पर्यायी जागा कुठली, हे एका कागदावर मांडून दोन्ही बाजूंना देणारा कोणी असता तर निम्मं भांडण कमी झालं असतं. फक्त त्या पोरांच्या चहापाण्याचा खर्च एखाद्या इच्छुक नगरसेवकाकडून घेऊ नका, आणि घेतलाच तर यादीत त्याचं नाव छापा.