ऑफिसच्या इमारतीवर कलाकार फिल्म बनवतात, त्यात बघायचं काय असतं?

तुम्ही विचारलंय की अशा फिल्ममध्ये ना गोष्ट, ना संवाद, नुसते जिने, टेबलं आणि खिडक्या. मग ती बसून बघायची कशासाठी? मी बेळगावचा. वडील तालुक्याच्या ऑफिसात एफडीए, म्हणजे कर्नाटक सरकारात वरच्या श्रेणीचे कारकून होते. म्हणून मी एवढंच सांगेन, खुर्ची बघा.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीची 'प्रोव्हनन्स' (2013) ही चंदीगडच्या सरकारी ऑफिसांतल्या खुर्च्यांवरची चाळीसेक मिनिटांची फिल्म मला यासाठी फार मोलाची वाटते. चंदीगडचं सचिवालय हे शहर आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाचं: 254 मीटर लांब, उघडं काँक्रीट, ऊन अडवायला खोल कप्प्यांची भिंत, चढायला बाहेरून तिरके रॅम्प. आतल्या खुर्च्या त्याचा चुलतभाऊ पिएर जनेरे याच्या देखरेखीखाली झाल्या. सागवान, वेताची बैठक, कंपासासारखे फाकलेले पाय. स्थानिक सुतारांनी हजारोंनी केल्या, कारण नव्या देशातल्या कारकुनाला बसायला नीट, परवडणारी खुर्ची हवी होती.

फिल्म उलटी चालते. आधी त्या खुर्च्या युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या घरात दिसतात. मग लिलाव, मग पॉलिश आणि नवा वेत, मग जहाजातले कंटेनर, आणि शेवटी चंदीगड. तिथं काही खुर्च्यांवर अजून माणसं काम करतायत, काही मोडून ढीग होऊन पडल्यात. कुणी काही समजावून सांगत नाही. पण त्या ढिगापाशी पोचेपर्यंत लिलावातले आकडे आपल्या डोक्यात असतात, म्हणूनच तो ढीग बघवत नाही. या खुर्च्यांच्या विक्रीवर सरकारनं 2011 मध्ये बंदी घातली. तोवर पुष्कळ माल गेला होता.

वडिलांच्या ऑफिसातही वेताच्या खुर्च्या होत्या. वेत तुटला की वर फळी ठोकायची. आईनं जुन्या लुगड्याची उशी शिवून दिली होती, ती ते रोज घरी आणायचे. साहेबांच्या खुर्चीला मात्र पाठीवर पांढरा टॉवेल. पुढं सगळ्या खुर्च्या टाकाऊ सामानात निघाल्या आणि प्लॅस्टिकच्या आल्या. चंदीगडचा ढीग बघताना मला ती उशी आठवली, दुसरं काही नाही.

आता इमारतीकडे. चंदीगडचं सचिवालय उभं राहत होतं त्याच दशकात, 1956 मध्ये, बेंगळुरूचं विधानसौध, म्हणजे तिथलं विधानभवन, पुरं झालं. ग्रॅनाइट, खांब, घुमट, आणि दर्शनी भागावर 'सरकारद केलस देवर केलस', म्हणजे सरकारी काम हे देवाचं काम. एका ठिकाणी सरकार सावली आणि वाऱ्याचा हिशेब मांडतं, दुसऱ्या ठिकाणी देवळासारखं भव्य होतं. आमच्या बेळगावातलं, हलग्याजवळचं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकचं दुसरं विधानभवन, 2012 चं; त्यानं बेंगळुरूचीच भव्य वाट धरली. सीमाभागातल्या मराठी माणसाला त्या इमारतीकडे नुसती वास्तू म्हणून बघता येत नाही, मलाही नाही. तरी हायवेवरून जाताना मनात येतं, आत एसडीए, म्हणजे खालच्या श्रेणीचा कारकून, कशावर बसतो? अशी फिल्म बघायची सवय लागली की हा प्रश्न आपोआप पडतो.

सीगलनं पुढं 'प्रोव्हनन्स'ची एक प्रतच लंडनला ऑक्टोबर 2013 मध्ये लिलावात काढली आणि त्या लिलावाचीही फिल्म केली, 'लॉट 248'. दोन्ही एका बैठकीत बघा, आधी 'प्रोव्हनन्स'.