'आमच्याकडं' का 'आपल्याकडं'?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय, नवी जाऊ जेवताना सहज बोलून गेली की "आमच्याकडं येसराच्या आमटीत एवढं तिखट नसतं" अन् सासूबाई लगेच, "आमच्याकडं म्हंजी कुनाकडं गं? हे घर लोकाचं हाय का?" तर जावेचं खरंच चुकलं का, अन् पोरं एकट्यासाठी 'आपण' म्हणतात ते तरी बरोबर का.

व्याकरणानं जाऊबाईंचं शंभर टक्के बरोबर. 'आम्ही'त ऐकणारा धरलेला नसतो, 'आपण'मधे असतो. बोलणं माहेराचं, सासूबाई काही तिकडच्या नाहीत, मग 'आमच्याकडं'च येणार ना, 'आपल्याकडं' म्हटली असती तर ह्याच घरची आमटी फिकी असा अर्थ झाला असता (अन् मग तर बघायलाच नको). सासूबाईंना टोचलं ते वेगळंच, सुनेच्या 'आम्ही'त अजून माहेरच बसलंय हे.

हिंदीत एका 'हम'वर भागतं. पण देगलूर-बिलोलीकडं तेलुगू बोलणारं कुणी भेटलं तर विचारा, त्यांचं 'मेमु' म्हणजे आम्ही अन् 'मनम्' म्हणजे आपण, डिट्टो. मराठीत हा भेद तेलुगूसारख्या द्राविडी भाषांच्या संगतीनं आला असं बरेच अभ्यासक मानतात, फक्त शब्द आपण घरचाच वापरला. संस्कृत 'आत्मन्', त्याचं प्राकृतात अप्पा-अप्पाण, तिथून आपलं 'आपण'. म्हणजे मूळ अर्थ स्वतः! "त्यानं आपण होऊन पैसे दिले" यात तो अजून जिवंत आहे. त्यामुळं कट्ट्यावरचं पोरगं "आपल्याला नाय जमत बुवा" म्हणतं त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. "आपण बसा" मधे तर समोरचा एकटाच असतो, तेही चालतंच की.

पण हा शब्द वाटतो तेवढा भोळा नाही हां. एसटीत शेजारच्याला आडनावावरून अंदाज लागला नाही की हळूच विचारतो, "म्हंजी आपल्यातलेच का?" सगळ्यांना आत घेणारा शब्द, अन् त्यानंच जात विचारायची.

जावेला सांगा, सरळ "माझ्या आईकडं" म्हणायचं, भांडण मिटलं. माझी आई परभणीची, जालन्यात येऊन चाळीस वर्षं झाली, अजून हुरडा निघाला की "आमच्याकडं" सुरू होतं.