नाताळच्या भेटींसाठी एफडी मोडावी का?

तारकर्लीहून एका ताईंचं पत्र आलंय. घरचाच चार खोल्यांचा होमस्टे आहे. नाताळच्या भेटींची यादी त्यांनी केलीय, ती 50,000 रुपयांवर गेलीय: सावंतवाडीच्या भाच्याला फोन 22,000, सहा वर्षांच्या धर्मकन्येला सोन्याच्या रिंगा 14,000, सासूबाईंना रेशमी साडी 5,000, मुंबईहून येणाऱ्या दीर-जावेला मिक्सर 4,000 आणि मैत्रिणींना मिळून 5,000. बचत खात्यात 24,000 आहेत. दीड लाखाच्या एफडीतले थोडे मोडावेत की फोन ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांवर, घ्यावा, असं त्या विचारतात.

ताई, दोन्हीही करू नका.

ती एफडी म्हणजे तुमच्या घरची आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी आहे. जून लागला की खोल्या रिकाम्या, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, किनाऱ्यावरच्या धंद्याला टाळं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावर कौलं-पत्र्यांची काय गत केली, ते तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी दुरुस्तीला रोख पैसा लागतो, आणि तो उभा करायला दुसरी जागा तुम्ही पत्रात कुठे लिहिलेली नाही. मुदतीआधी मोडली तर जितके दिवस ठेव राहिली तितक्याच दिवसांचा दर मिळतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. पण माझी काळजी त्या कापलेल्या पैशांची नाही. मोडलेली एफडी पुन्हा भरायचं राहून जातं.

ईएमआयचं म्हणाल, तर ‘शून्य टक्के व्याज’ अशी गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय. रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत तुम्हाला मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी. एखादा हप्ता चुकून कार्डावर थकबाकी राहिली, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात. यातला एक रुपयाही भाच्यापर्यंत पोचत नाही.

आता यादीकडे येते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण कोणाला काय द्यावं याची उत्तरं यादीत नाहीत, पत्रातच इकडेतिकडे आहेत. सासूबाईंनी गेल्या वर्षीची साडी अजून नेसलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्याच ओळीत त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय आणि त्या प्रार्थनेचं पुस्तक हातभर लांब धरून वाचतात, हेही लिहिलंय. मग साडी कशाला? त्यांना कुडाळला घेऊन जा, डोळे तपासा, नवा चष्मा करा. अडीच हजारांत चांगला होईल.

भाच्याची दहावीची परीक्षा तोंडावर आहे, आणि पुढे मालवणच्या तंत्रनिकेतनात जायचं म्हणतोय. त्याला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ड्रॉइंगचा चांगला संच आणि टेबललॅम्प द्या. हेही अडीच हजारांत बसेल. फोनबद्दल नणंदेशी आधी बोला. आपल्याकडे आहेराची वही असते, लिहिलेली नसली तरी मनात असते. 22,000 चा फोन घेतला की त्याची परतफेड कशी करायची, हा घोर तिला लागणार.

रिंगांच्या 14,000 पैकी बरेच घडणावळीत आणि 3 टक्के जीएसटीत जातील, आणि सहा वर्षांच्या मुलीच्या कानातून रिंग हरवायला वेळ लागत नाही. तिच्या आईवडिलांना सुकन्या समृद्धी खातं काढायला सांगा. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत पालकांनाच ते उघडता येतं, सध्याचा दर 8.2 टक्के आहे. त्यात भरायला 5,000 द्या. पण तिच्या हातातही काहीतरी पडायला हवं, म्हणून सावंतवाडीच्या चितार आळीतून पाचशेपर्यंतचं लाकडी खेळणं घ्या.

दीर-जावेला मिक्सर मुंबईत मिळतो. त्यांना घरचा मालवणी मसाला, कोकमाचं आगळ आणि काजूगर बांधून द्या, दीड हजारात. काजू थेट कारखान्यातून घ्या, पर्यटकांच्या दुकानातून नको. मैत्रिणींकडे नेवऱ्या (करंज्या) आणि दोदोल (नारळाच्या रसात गूळ घालून केलेली मिठाई) यांचं ताट पाठवा. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ आला असेलच. काजूची पाकळी वापरलीत तर सामान दोन हजारांत येतं, अख्ख्या गराची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. स्वयंपाकघरात राबणाऱ्या दोघी जणींना ‘उरलंसुरलं तर देऊ’, असं तुम्ही लिहिलंय. सगळं घर सुट्टीत असताना 24 डिसेंबरपासून नववर्षापर्यंत त्या तुमच्याकडे भाकऱ्या थापणार आहेत. तुमचा हंगाम त्यांच्या हातावर उभा आहे. त्यांना प्रत्येकी 3,000 रोख, पाकिटात घालून, 20 तारखेच्या आत द्या. वस्तू नको, पैसेच द्या. कशाची नड आहे ते त्यांनाच ठाऊक. यादीत त्यांची नावं सगळ्यात वर लिहा.

हे सगळं 20,000 रुपयांत होतं, आणि ते तुमच्या खात्यात आहेत. पाहुण्यांनी भरलेल्या आगाऊ रकमेला हात लावू नका. पाहुणा येऊन राहून जाईपर्यंत ते पैसे त्याचेच. पुढच्या वर्षासाठी जानेवारी ते मे दरमहा दीड हजार वेगळ्या खात्यात टाका, पावसाळ्यात थांबा, ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू करा.

चष्मा मात्र याच आठवड्यात करायला टाका. नंबर काढून काचा बसून यायला वेळ लागतो, आणि एकदा पाहुणे यायला लागले की तुम्हाला कुडाळला जायला फुरसत मिळणार नाही.