स्थलांतराची कथा आणि इंग्रजीचा वर्ग

प्रश्न : न्यू जर्सीत नव्याने आलेल्या प्रौढांना मी इंग्रजी शिकवते. स्थलांतरावरील कोणती कथा घ्यावी आणि ती कशी शिकवावी?

उत्तर : वर्गाची पातळी मध्यम असेल तर झुंपा लाहिरी यांची ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ अवश्य घ्यावी. १९६४ मध्ये भारत सोडून लंडनमार्गे १९६९ मध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या निवेदकाची भाषा साधी, सरळ आहे. संपूर्ण कथा एकदम देऊ नये. वृद्ध घरमालकीण चंद्रावर नुकत्याच रोवलेल्या अमेरिकी ध्वजाबद्दल त्याला दर संध्याकाळी ‘स्प्लेंडिड’ (म्हणजे ‘शानदार’) म्हणायला लावते, तो प्रसंग जोडीजोडीने मोठ्याने वाचून घ्यावा, कारण त्या एका शब्दाच्या पुनरुक्तीने बोलण्याचा संकोच हळूहळू सुटतो. त्यानंतर प्रत्येकाने आपला इथला पहिला दिवस पाच वाक्यांत लिहावा. मात्र ज्यांना ती आठवण क्लेश देते, त्यांच्यावर सक्ती मुळीच करू नये.