पत्र्याचं वेल्डिंग घरच्या घरी : जुन्या गाडीच्या बॉडीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्रीमियर पद्मिनीचा फ्लोअर आणि दारांखालचे सिल गंजलेत. घरी 200 अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क मशीन आहे. बारीक रॉड लावून त्यावरच काम भागेल का? (ठाणे)

ग्रिल, गेट, शेडचे अँगल यांना ते मशीन झकास. पद्मिनीच्या पत्र्याला मात्र लावू नका. या गाड्यांच्या बॉडीचा पत्रा साधारण 0.8 ते 1 मिमीचा असतो. त्याला लागणारा करंट मिलिमीटरला 40 अँपिअर असा ढोबळ धरतात. बाजारात सहज मिळणारा 2.5 मिमीचा रॉड नीट जळायलाच 60 ते 90 अँपिअर खातो. म्हणजे सांधा होण्याआधी भोक पडतं आणि ते बुजवताना शेजारी दुसरं पडतं. त्याहून बारीक रॉड मिळतात, पण प्रत्येक टाक्यानंतर स्लॅग, म्हणजे सांध्यावर जमणारी काचेसारखी पपडी, झाडत बसावं लागतं. गाडीखाली उताणं पडून हे काम कोणी दोन दिवसही करणार नाही.

मिग मशीन घ्या. त्यात रिळावरची बारीक वायर टॉर्चमधून आपोआप पुढे सरकते आणि टॉर्चमधूनच येणारा गॅस सांध्याला हवेपासून वाचवतो. दुकानदार वरचा आकडा दाखवेल, तुम्ही खालचा विचारा : मशीन कमीत कमी किती अँपिअरवर स्थिर चालतं? 30 किंवा त्याहून कमी हवं. व्होल्टेज आणि वायर स्पीड यांचे नॉब वेगवेगळे असावेत. मागच्या बाजूला गॅसची नळी लावायची सोय हवी, आतल्या रोलरला 0.6 आणि 0.8 अशा दोन्ही खाचा हव्यात आणि पोलॅरिटी, म्हणजे टॉर्च पॉझिटिव्हवर की निगेटिव्हवर हे, बदलता आली पाहिजे. ड्यूटी सायकलची, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालू शकतं याची, चिंता नको. पत्र्याचं काम दोन सेकंदांच्या टाक्यांचं असतं, मशीन तापायच्या आत तुम्हीच थांबता.

वायर शक्यतो 0.6 मिमीची, तांब्याचा मुलामा असलेली ईआर 70 एस-6. ती दुकानात मिळाली नाही तर ऑनलाइन मागवा. 0.8 वरही काम होतं, फक्त टाके आणखी आखूड घ्यावे लागतात.

टिगबद्दलही विचारणा असते. त्यात आर्क टंगस्टनच्या सुईतून निघतो आणि भरायची तार हाताने घालतात. त्याचा सांधा मऊ असतो, हातोडीने सुरेख पसरतो. पण त्याला दोन्ही बाजूंनी लख्ख पत्रा लागतो आणि गंजलेल्या फ्लोअरखाली तो कुठून आणणार?

प्रश्न : सिलिंडरची कटकट नको म्हणून गॅसलेस वायर वापरली तर? (नाशिक)

उघड्यावर चासिसचा ब्रॅकेट जोडायचा असेल तर चालेल. बॉडीच्या पत्र्याला ती वायर फार गरम पडते, ठिणग्या जास्त उडतात आणि प्रत्येक टाक्यावर स्लॅग साचतो. ती वापरायचीच असेल तर पोलॅरिटी उलटी करा : गॅसलेस, म्हणजे पोटात फ्लक्सची पूड असलेल्या वायरला टॉर्च निगेटिव्हवर, गॅसवर चालणाऱ्या साध्या वायरला टॉर्च पॉझिटिव्हवर. हा एक बदल राहिला म्हणून मशीनच खराब आहे असं मानणारे पुष्कळ.

गॅसमध्ये 80 टक्के आर्गन आणि 20 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला मिक्स गॅस घ्या. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण आर्क उग्र होतो आणि पातळ पत्र्यावर तोच नडतो. फ्लो मिनिटाला 8 ते 10 लिटर पुरे. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असू द्या.

प्रश्न : घरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर मिग मशीन चालेल का? (सातारा)

पत्र्याच्या कामापुरतं चालेल. 60 अँपिअर आणि 17 व्होल्टला आर्कमध्ये साधारण एक किलोवॉट जातो. मशीनमधला अपव्यय धरला तरी लाइनवरून 8 ते 9 अँपिअरच ओढले जातात. 200 वर लावाल तेव्हा एमसीबी पडणारच. मीटरपासून थेट 4 चौरस मिमीची तांब्याची वायर ओढा, 20 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (सुरुवातीच्या क्षणिक झटक्याने न पडणारा) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) बसवा, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक्स्टेन्शन लागलंच तर रीळ पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. लाइट गेले म्हणून घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर मशीन लावू नका.

प्रश्न : मडगार्डला हाताएवढा तुकडा जोडला. सांधा पक्का झाला, पण पत्रा भोवती लाटांसारखा उठला. कुठे चुकलं? (पुणे)

बहुतेक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढत नेलं असणार. तापलेला पत्रा फुगतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. म्हणून तो तिथेच दाबला जातो आणि थंड होताना मूळ मापापेक्षा आखडतो. सांधा आखडला की शेजारचा पत्रा खेचला जाऊन उठतो. कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी ही लाट उन्हात पॉलिशवर दिसतेच.

सुरुवात कापण्यापासून करा. गंज दिसतो त्याच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर, चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यात ताण साचतो. नवा तुकडा 20 गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा, म्हणजे सुमारे 0.9 मिमीचा. वेल्डिंगआधीच त्याला मडगार्डचा गोलावा द्या, नंतर तो देता येत नाही. कडांचा रंग दोन्ही बाजूंनी 20 मिमीपर्यंत काढा. तुकडा जुन्या पत्र्यावर चढवू नका. कडेला कड लावा आणि मध्ये वायरच्या जाडीएवढी फट सोडा. चढवलेल्या सांध्यात पाणी मुरतं आणि तो हातोडीने सरळही करता येत नाही.

मग टाके. आधी चार कोपऱ्यांजवळ, मग दर 25 ते 30 मिमीवर एक, नंतर प्रत्येक दोन टाक्यांच्या मधोमध. एक टाका इकडे, पुढचा समोरच्या बाजूला. हात लावता येईल इतका पत्रा निवल्याशिवाय शेजारचा टाका घेऊ नका. घाई इथेच अंगाशी येते. वायर टिपच्या बाहेर 8 ते 10 मिमी ठेवा, व्होल्टेज 15-16 च्या आसपास, आणि वायर स्पीड त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर जुळवा. सेटिंग बसलं की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. फटफट आवाज येऊन टॉर्च हाताला मागे ढकलत असेल तर वायर जास्त आहे. वायरच्या टोकाला गोळा होऊन तो टिपला चिकटत असेल तर वायर कमी आहे. फट जास्त झालेल्या जागी मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. वितळलेलं लोखंड तिला चिकटत नाही आणि ती उष्णताही ओढून घेते.

प्रत्येक फेरीनंतर टाक्यांची डोकी ग्राइंडरने उतरवा, मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून टाक्यावरच हलके ठोके द्या. आखडलेला सांधा असा परत पसरतो. तुमच्या मडगार्डलाही अजून हाच उपाय आहे : आधी सांधा साफ घासा, मग फक्त सांध्यावर ठोका. उठलेल्या लाटेवर ठोकाल तर ती वाढेल. ग्राइंडिंगला 80 नंबरची फ्लॅप डिस्क घ्या, एका जागी दाबून धरू नका. निळा पडलेला पत्रा म्हणजे पुन्हा तीच उष्णता.

प्रश्न : अंगणात वेल्डिंग करतो. सांध्यात बारीक छिद्रं राहतात. सिलिंडर भरलेला आहे. (रत्नागिरी)

वारा गॅस उडवून नेतोय. साध्या झुळुकीनेही सांधा सच्छिद्र होतो. आडोसा करा, पंखा थेट कामावर नको. नोझलमध्ये ठिणग्यांची पपडी साचली असेल तर काढा. पत्र्यामागचा रंग आणि डांबरी थर जळूनही छिद्रं पडतात, तो थर मागून खरवडा. कोकणच्या दमट हवेत उघडी राहिलेली वायर गंजते आणि लायनरमध्ये, म्हणजे टॉर्चच्या केबलमधल्या नळीत, अडकते. काम संपलं की रीळ सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीत बंद करा. घासलेला पत्राही पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो, त्याच दिवशी प्रायमर मारा.

प्रश्न : सिल कापून नवा बसवला, आता दार लागत नाही. (नागपूर)

पद्मिनीला वेगळी चासिस नाही, बॉडीच सगळं वजन पेलते आणि सिल हा त्यातला मोठा आधार. मधला भाग लोंबकळत असताना तो कापला की गाडी मध्ये बसते. नवा सिल त्याच बसलेल्या मापाला जोडला गेला आहे, तेव्हा तो सोडवावाच लागेल. पुढच्या वेळी गाडी समतल जमिनीवर नेहमीच्या आधारबिंदूंवर टेकवा, दाराच्या चौकटीत पाइपचा आडवा-तिरपा आधार टाका, एका वेळी एकच बाजू कापा. सगळं टाक्यांवर असतानाच दार बसवून फटी पाहा.

कारखान्यात दोन पत्रे ठिपक्यांनी जोडलेले मूळचे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला 6 मिमीची भोकं पाडून ती भरा. आत राहणाऱ्या कडांना आधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर लावा, भोकाच्या जागेवरून मात्र खरवडून काढा. करंट थोडा वाढवा आणि आर्क खालच्या पत्र्यावर सुरू करा, नाहीतर वर बटण छान दिसतं आणि खाली काहीच धरलेलं नसतं. भंगारावर एक टाका घालून छिन्नीने उचकटून पाहा : पत्रा फाटला पाहिजे, टाका सुटता कामा नये.

प्रश्न : पेट्रोल टाकी रिकामी केली तर गाडीत असतानाच जवळ वेल्डिंग करता येईल? (पणजी)

नाही, टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ आणि हवा यांचं मिश्रण भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असतं. बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, कार्पेट आणि सीट बाहेर घ्या. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागाला आर्क लावू नका, क्लोरिनवाल्या क्लीनरपासून विषारी वायू तयार होतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा वापरत असाल तर सांध्याजवळचा जस्ताचा थर घासून काढा, त्याच्या धुराने थंडीताप भरतो. हेल्मेटची काच 10 किंवा 11 नंबरची. काम थांबल्यावरही तासभर गाडीजवळ थांबा आणि पत्र्यामागे हात फिरवून पाहा. आतल्या अस्तरातली ठिणगी आवाज न करता धुमसत राहते.